वाजवेल की वाजवतील

चिक्कप्पांनी माझ्या पत्रकावर लाल पेनानं एकच खूण केली. आख्खं पान दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, तळाच्या ओळीतल्या एका क्रियापदाभोवती गोल काढला आणि कागद माझ्याकडं सरकवला. ओळ अशी होती: 'स्वागताची हलगी आपल्या गावचे वस्ताद … वाजवतील.' मी इथं गाळलेल्या जागी वस्तादांचं नाव होतं, त्यांच्या वडिलांचं नाव होतं, आडनाव होतं. गोल फक्त 'वाजवतील'भोवती होता.

"तील काढ," चिक्कप्पा म्हणाले. "वाजवेल कर."

चिक्कप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमच्या घरात निम्मं बोलणं कन्नडमधून चालतं, त्यामुळं काका नाही, चिक्कप्पा. वळसंगच्या पुढं आमचं गाव. गावाबाहेर त्यांची जमीन आणि जमिनीवर त्यांनी काढलेलं कृषी पर्यटन केंद्र. थंडीत सोलापूरचे लोक तिथं हुरडा खायला येतात, बैलगाडीत बसून फोटो काढतात आणि दिवेलागणीला परत जातात. त्या वर्षी हुरड्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी चिक्कप्पांनी जे ठरवलं ते आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलंही नव्हतं. दोन दिवसांचा आयरिश महोत्सव.

याला कारण अक्का. चिक्कप्पांची थोरली मुलगी, माझी चुलतबहीण. नर्स होऊन ती आयर्लंडमधल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलात लागली आणि तिथंच रुळली. त्या गावात दरवर्षी दोन दिवस गाणं-बजावणं, नाच, जेवणावळी असा उत्सव होतो म्हणे. तिथले तीन वाजवणारे तिच्याबरोबर भारत बघायला निघाले होते. एक निवृत्त नर्स, ती फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायची. एक बासरीवाला. आणि एक उंच, लाल मानेचा पोस्टमन, त्याच्याकडं तिकडचा ढोल. अक्कानं फोनवर सहज म्हटलं, "बाबा, यांना आपल्या गावात दोन दिवस वाजवू दे की." चिक्कप्पांनी ते सहज घेतलं नाही. मंडप घातला, स्टेज घातलं, मोठा हिरवा फ्लेक्स लावला.

फ्लेक्सची वेगळीच कथा झाली. तिकडच्या लोकांचं चिन्ह तीन पानांचं आहे, एवढं अक्कानं सांगितलं होतं. फ्लेक्सवाल्यानं तीन पानं म्हटल्यावर बेलाचं पान टाकलं. वर 'आयरिश महोत्सव' अशी अक्षरं. आमच्या गावात फ्लेक्स लागतो तो वाढदिवसाचा नाहीतर जत्रेचा, तेव्हा दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा सुरू.

"ह्यो हरीश कोन म्हनायचा?"

"पुढारी आसंल कुटला तर."

"मग फोटू का न्हाय?"

"आरं, बेलाचं पान दिसंना का? हरीश म्हंजे शंकरच की!"

एक म्हातारी फ्लेक्सखाली चप्पल काढून हात जोडून गेली. अक्काला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, पान तसंच राहू दे.

पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात पत्रक म्हणजे मी. अप्पा, माझे वडील, सोलापुरात नवी पेठेच्या मागं एका बोळातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. विडी कामगारांची, यंत्रमाग कामगारांची पत्रकं त्यांच्या हातून गेली. रद्द झालेली, शाई फुटलेली पत्रकं घरी यायची. कपाटात खाली पत्रक अंथरलेलं, माझ्या वह्यांना पत्रकाचं कव्हर, भाजलेल्या शेंगांचा पुडाही पत्रकाचा. शाळेत जायच्या आधी मला 'कामगार बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं आणि त्याचा अर्थ आपल्या घरी येणारे पाहुणे, असा मी लावला होता. पत्रक कसं लिहावं हे अप्पांनी तीन वाक्यांत शिकवलं. विशेषण घालू नको, मागणी घाल. मागणी एकच घाल, दोन घातल्यास की मालक लहान मान्य करतो आणि मोठी खातो. आणि ज्यांच्यासाठी मागणी आहे त्यांना आधी वाचून दाखव.

आयर्लंडचं नावही मला तिथूनच माहीत होतं. एका जुन्या संपाच्या पत्रकात चार ओळी होत्या. तिथल्या कुळांनी खंड वाढवणाऱ्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर हात उगारला नाही. त्यांनी त्याचं पीक कापलं नाही, त्याला माल विकला नाही, त्याच्याशी बोलणं सोडलं. मी चिक्कप्पांना म्हटलं, हे पत्रकात घालू.

"अय्यो, ते कशाला?" ते म्हणाले. "गाणीबिणी, हुरडा, पार्किंगची सोय, येवढं लिही."

म्हणून मी गाणीबिणी, हुरडा आणि पार्किंग लिहिलं, आणि तळाला ती ओळ.

आता वस्तादांबद्दल. गावाच्या पूर्वेला मातंग वस्ती आहे. गावात लग्न असो, देवाची पालखी असो, कुस्तीचा फड असो, हलगी वस्तीवरून येते. तिथली पोरं त्यांना वस्ताद म्हणतात, कारण त्यांच्यासारखी हलगी या भागात कुणी वाजवत नाही. वस्तीबाहेर त्यांना वस्ताद कुणी म्हणत नाही. गावाच्या तोंडी ते 'ए' आहेत. सत्तरीच्या माणसाला सहावीतलं पोरगं 'ए, चल लवकर, बाबांनी बोलावलंय' म्हणतं आणि त्या पोराच्या घरात जावयाशी कन्नड बोलताना प्रत्येक क्रियापदाला मानाचा 'री' लावल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. मान द्यायचा कसा, ते आमच्या लोकांना दोन भाषांत येतं. कुणाला द्यायचा नाही, तेही दोन्ही भाषांत ठरलेलं आहे.

"मी काढणार नाही," मी चिक्कप्पांना म्हटलं.

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत, समजावू लागले. "हे बघ, मी जुन्या वळणाचा माणूस न्हाय. नाव राहू दे. श्री पण टाक. त्याला स्टेजवर बसव, पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची देतो, फोटो काढ, पेपरात दे. माझी ना नाही. फक्त ते तील काढ."

"स्टेज चालतं आणि तील चालत नाही?"

"स्टेज सोमवारी मंडपवाला उतरवून नेतो," चिक्कप्पा म्हणाले. "तील तोंडात बसलं की निघत नाही. उद्या हे पत्रक हॉटेलात कुणीतरी मोठ्यानं वाचंल. परवापास्नं माझ्या नातवानं त्याला 'या, बसा' म्हणायचं का?"

"हो."

"सुम्क कुंद्रू," ते म्हणाले. म्हणजे गप बस. "पत्रकबाई झालीस म्हणून लई शानी समजू नको."

मी गप बसले. दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाऊन पत्रक 'वाजवतील'सकट छापून आणलं.

छापायच्या आधी अप्पांना दाखवलं. ते आता काम करत नाहीत, पण भिंग घेऊन प्रूफ वाचायची सवय गेलेली नाही. "मागणी एकच आहे ना?" त्यांनी विचारलं. एकच आहे म्हटलं. "ज्याच्यासाठी आहे त्याला वाचून दाखवलीस?"

"वेळ कुठं होता, अप्पा."

अप्पांनी भिंग रुमालात गुंडाळलं आणि प्रूफ माझ्याकडं सरकवलं. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. पण माझ्या हातात ताज्या शाईच्या वासाचा गठ्ठा होता, आणि तसा गठ्ठा हातात असला की मला जगात काहीच कळत नाही.

पत्रकं वळसंगच्या बाजारात वाटली, आमच्या गावात दारोदार टाकली. चिक्कप्पांच्या दारात मी स्वतः टाकलं. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. महोत्सवाच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी वस्ताद आमच्या अंगणात आले. हातात चार घड्या घातलेलं पत्रक.

"ह्ये तू छापलंस?"

"हो. या ना, बसा."

ते बसले नाहीत. "हॉटेलात मला च्या पाजत्यात आता. 'या वस्ताद, बसा वस्ताद, आपन हलगी वाजवतील का वस्ताद?' आसं म्हनत्यात आन खिदळत्यात. काल एकानं माजं पायतान पुसून दिलं. रुमालानं. सगळं हॉटेल हसलं."

मी काहीतरी म्हणाले. हा लढा आहे, सुरुवातीला असं होणारच, हसणारे थकतील, असलं काहीतरी. पत्रकात बरं दिसलं असतं.

"माजं नाव छापायच्या आदी मला इचारलंस का?"

"नाही."

"कागदावर 'तील' लावायला तुला शाई लागली. त्येंच्या तोंडात कोन लावनार?" त्यांनी पत्रकाची अजून एक घडी घातली. "आन तू लहान आसताना मला काय म्हनायचीस?"

मला आठवत होतं. आमच्या ओट्यावर उभी राहून मी ओरडायचे, 'ए हलगी, वाजव की!' आणि ते वाजवायचे आणि मी नाचायचे. तेव्हा मला 'कामगार बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं.

"आठवतंय," मी म्हटलं.

"मंग ह्ये तील कुनासाठी हाय, माज्यासाठी का तुज्यासाठी?"

याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. आज देते. निम्मं माझ्यासाठी होतं. पण जे निम्मं उरतं ते त्यांचंच होतं, आणि माझ्या चुकीमुळं ते खोटं ठरत नाही. मी न विचारता छापलं ही माझी चूक. गाव त्यांना सत्तर वर्षं न विचारता 'ए' म्हणत आलं, त्याची माफी मागायला अजून कुणी अंगणात आलेलं नाही.

"उद्या याल ना?" मी विचारलं.

"बोलावलंय म्हनून येतो. तुज्या कागदासाठी न्हाय."

शनिवारी ते आले. बरोबर तिघं जण, दोन हलग्या आणि साथीला घुमणारं एक घुमकं. मंडपाच्या तोंडाशी, जिथं आमच्याकडं हलगीवाले नेहमी उभे राहतात, तिथं त्यांनी कडब्याच्या चिपाडांचा छोटा जाळ केला, हलग्या शेकून घेतल्या आणि पाहुणे गाडीतून उतरताना वाजवलं. चिक्कप्पांनी लांबूनच हात हलवून सांगितलं, 'हां, बास कर आता,' आणि ते थांबले. पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले. स्टेजवर गालिचा होता. त्यांना वर नेलं. वस्तादांना खुर्ची देणार होते ते कुणाला आठवलं नाही, आणि पत्रक निघाल्यापासून चिक्कप्पा ते आठवूही इच्छित नव्हते.

तरी दिवस चांगला गेला, हे मान्य केलं पाहिजे. हरीशला भेटायला आलेले लोक हुरडा खात बसले. फिडलवाल्या बाईनं पहिली गत सुरू केली आणि मांडी घालून बसलेल्या बायकांचे गुडघे हलायला लागले. अक्कानं व्हिडिओ कॉलवरून चार मुलींना तिकडचा नाच शिकवून ठेवला होता, हात अंगाला चिकटवून नुसते पाय उडवायचे. "हात का बांधल्यात गं पोरींचे?" माझ्या मागून एकीनं विचारलं. जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाहुण्यांना ओळखीचं वाटावं म्हणून बटाटाच बटाटा. बासरीवाल्यानं बटाटा बाजूला सारून चटणी तीनदा मागून घेतली आणि नंतर बराच वेळ ताक पीत बसला.

दुपारी ढोलवाल्याची पंचाईत झाली. त्याचा ढोल म्हणजे लाकडी कडं आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. फेब्रुवारीतलं आमचं ऊन. कातडं इतकं ताणलं की ढोल पत्र्यासारखा वाजायला लागला. दोन गती झाल्यावर तो ढोल बगलेत मारून स्टेजवरून उतरला आणि अक्काला काहीतरी विचारत मंडपाच्या तोंडाशी आला. तिथं वस्ताद बसले होते. त्यांनी न विचारता ढोल हातात घेतला, बोटानं एक टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"लई तापलाय. पानी पायजे ह्याला."

तांब्यातलं पाणी तळहातावर घेऊन त्यांनी कातड्याला आतल्या बाजूनं पुसलं. थोडं थोडं, गोल गोल. टिचकी मारत, ऐकत, परत पुसत. मग त्यांनी आपली हलगी जाळाशी धरली. ढोलवाल्याला वाटलं हे जाळतायत की काय, त्यानं झटकन हात पुढं केला. वस्ताद हसले. त्याला पाणी लागतं, याला जाळ लागतो, एवढं त्यांनी हातानंच सांगितलं, आणि तो पोस्टमन मान मागं टाकून एवढा हसला की स्टेजवरची फिडल थांबली. त्यानं आपल्या वाजवायच्या काठीकडं बोट दाखवून तिचं नाव सांगितलं. टिपर. वस्तादांनी आपली काठी वर केली. "टिपरू! टिपरूच की रं ह्ये!"

मग ढोलवाल्यानं काहीतरी लांबलचक विचारलं आणि अक्कानं मराठीत सांगितलं, "तो विचारतोय, तुला हे कुणी शिकवलं?"

वस्तादांचा हात थांबला. "त्यो 'तुला' म्हनला?"

"म्हणजे?"

"त्यानं 'तुला' म्हनलं का 'तुमाला'?"

अक्का हसली. "इंग्लिशमध्ये तसं नसतं. एकच शब्द आहे. राजाला तोच, लहान पोरालाही तोच."

"मंग 'तुला' कुनी घातलं?"

अक्का परदेशात रात्रपाळ्या करते, हजार तऱ्हेच्या माणसांचे पाय चेपते, कुणाला अरे-तुरे करत नाही. ती गावात उतरली आणि विमानतळापासून गावापर्यंतच्या कुठल्याशा वळणावर ते 'तुला' तिच्या जिभेवर येऊन बसलं. तिचा चेहरा लाल झाला. ढोलवाला विचारत होता, काय झालं, काय म्हणाले? ती त्याला बराच वेळ समजावत राहिली. मग त्यानं एक लहानसा प्रश्न विचारला.

"तो म्हणतोय," अक्का खाली बघत म्हणाली, "मग मी काय म्हणालो होतो?"

"त्ये अजून ठरायचं हाय म्हनाव," वस्ताद म्हणाले. "आन शिकवलं माज्या बापानं. मार देत देत."

एवढं बोलून त्यांनी हलगी काखेत घेतली आणि तिघांना घेऊन वस्तीकडं गेले. पाहुण्यांची गावातून ठरलेली संध्याकाळची मिरवणूक हलगीशिवाय निघाली. अक्कानं वडिलांना काय सांगितलं मला माहीत नाही. रविवारी सकाळी चिक्कप्पांनी वस्तीवर माणूस धाडला आणि वस्ताद येतील असा निरोप आला.

रविवारी प्रमुख पाहुणे यायचे होते. तालुक्यातली चार वजनदार माणसं, दोन पत्रकार, आणि आदल्या दिवशीची कीर्ती ऐकून जमलेली गर्दी. तिन्ही आयरिश पाहुणे स्टेजवर बसले होते. ठरलं असं होतं की प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकात आली की हलगी वाजेल, मंडपातून सगळे उभे राहतील, आणि हलगीच्या मागून स्टेजवर ढोल सुरू होईल. ढोलवाल्यानं स्वतः तसं मागितलं होतं.

वस्ताद आणि त्यांची माणसं वेळेवर आली. मंडपाच्या तोंडाशी चिपाडांचा ढीग घातला. पेटवला नाही. चौघांनी हलग्या आणि घुमकं जमिनीवर पालथी घातली आणि शेजारी बसले.

गाडी फाटकात आली. चिक्कप्पा हार घेऊन पुढं झाले. "वाजव," ते म्हणाले.

काही झालं नाही. त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. "ए, वाजव की! आले ना पाहुणे."

वस्ताद समोर बघत होते. रागानं नाही. एसटीची वाट बघणारा माणूस बघतो तसं. बाकीचे तिघं तसेच. गाडीतले पुढारी दार उघडून अर्धे बाहेर, अर्धे आत. मंडपात कुजबुज सुरू झाली आणि मग तीही थांबली.

माझ्या हातात माइक होता. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. माझ्या डोक्यात पूर्ण भाषण तयार झालं, एकही विशेषण नसलेलं. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. एवढंच, बघितलं. मी थांबले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. ज्याचा संप असतो त्यालाच तो चालवू द्यायचा असतो, हे हजार पत्रकांत वाचलं होतं. तोंड बंद ठेवून ते पाळायला काय लागतं हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

चिक्कप्पा माझ्याकडं वळले. "हे तू शिकवलंस."

"मला विचारलंसुद्धा नाही, चिक्कप्पा," मी म्हटलं. ते खरं होतं.

ते वस्तादांजवळ गेले, आवाज खाली आणला. "काय पायजे तुला? स्टेजवर चल. चल, खुर्ची देतो."

वस्तादांनी मान हलवली. नको.

"मग काय पायजे?"

चिक्कप्पांना उत्तर माहीत होतं. मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पत्रक सगळ्यांनी वाचलं होतं. चिक्कप्पांच्या हातातल्या हारातून झेंडूच्या पाकळ्या गळत होत्या. ऊन त्यांच्या टकलावर पडत होतं. ते वाईट माणूस नाहीत. माझी कॉलेजची फी त्यांनी भरली आहे. पण एक अक्षर तोंडातून काढायला त्यांना त्या क्षणी सगळी जमीन विकल्यासारखं झालं होतं, आणि मला त्यांची कीव आली नाही.

शेवटी मागं बसलेल्या बायकांतून एक आवाज आला. आमच्याच गल्लीतली म्हातारी, आमच्याच जातीची, कुणाचं काही न ऐकणारी. "आरं म्हन की 'वाजवा'! येक काना लावाय जीब झिजती व्हय?"

आख्खा मंडप हसला. पण या वेळी हसणं वस्तादांवर नव्हतं.

चिक्कप्पांनी ओठ ओले केले. "वाजवा," ते म्हणाले. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं.

"मायकात," वस्ताद म्हणाले. दोन दिवसांत चिक्कप्पांशी बोललेला त्यांचा तो पहिला शब्द.

मी माइक पुढं धरला. चिक्कप्पांनी माइक घेतला, स्टेजकडं बघितलं, अक्काकडं बघितलं. ती स्टेजच्या पायरीवर उभी होती आणि त्यांच्याकडं असं बघत होती की मी तिच्याकडं बघू शकले नाही. मग चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून चिक्कप्पांचा घोगरा आवाज आला: "वस्ताद, वाजवा."

वस्ताद उठले. खिशातून काडेपेटी काढली. "थांबा," ते म्हणाले, "तापू द्या."

आणि त्यांनी चिपाडं पेटवली. हलगी उलटी धरली, जाळाशी नेली, लांब केली, परत नेली. टिचकी मारली, मान हलवली, अजून नाही. तालुक्यातली चार वजनदार माणसं गाडीच्या दाराशी उभी. हार घेऊन चिक्कप्पा उभे. स्टेजवर ढोलवाला उभा राहिला होता, काठी हातात घेऊन. कुणी घाई करा म्हटलं नाही. कातडं तापायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

मग जे वाजलं त्याचं वर्णन मी करणार नाही. पत्रकात विशेषण घालायचं नसतं.

या गोष्टीनं गाव सुधारलं असं समजू नका. त्या लग्नसराईत आमच्या गल्लीत दोन लग्नांना वस्तादांना बोलावलं नाही, सोलापूरहून बँजो पार्टी आणली. 'शेफारलाय' हा शब्द मी महिन्याभरात किती वेळा ऐकला त्याची मोजदाद ठेवली नाही. हॉटेलात अजूनही कुणी 'ए' म्हणतं. वस्ताद मान वळवत नाहीत. मग तो माणूस पुन्हा 'ए' म्हणतो, वस्ताद पुन्हा वळत नाहीत. तिसऱ्यांदा बहुतेक जण 'अहो' म्हणतात, काहीजण हात हलवून निघून जातात. मी स्वतः त्यांच्याशी बोलताना अजून अडखळते. लहानपणीचं 'ए' दाताच्या मागं बसलेलं असतं, ते रोज ढकलावं लागतं. हे लिहिताना मी त्यांना पहिल्या ओळीपासून 'ते' म्हटलंय. कुणी संपादकानं ओळ छोटी करायला ते 'तो' केलं, तर लेख परत मागेन.

लग्नसराई संपत आली तेव्हा गल्लीतल्याच तिसऱ्या घरचा कर्ता माणूस वस्तीवर गेला. मी तिथं होते, वस्तादांच्या दारात बसून त्यांच्याकडून गतींची नावं लिहून घेत होते, या वेळी आधी विचारून. तो दारात उभा राहिला, घसा खाकरला, इकडंतिकडं बघितलं.

"पोरीचं लगीन हाय," तो म्हणाला. "वाजवायला याल का?"

"कदी हाय?"

त्यानं तारीख सांगितली. वस्तादांनी थोडा विचार केला.

"त्या दिवशी आमाला सवड न्हाय," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळून पुढची गत सांगू लागले.